केस मांजराचे, कंगवा आपला

(मावशी जनावरांची डॉक्टर, आता निवृत्त, कोथरूडला राहते. भाचीला पर्शियन मांजर पाळायचंय.)

भाची: मावशी, विकणारा विचारतोय, डॉल फेस हवं की पंच फेस? पंच फेस जरा महाग आहे.

मावशी: महाग म्हणजे चांगलं असं काही नाही. पंच फेस म्हणजे नाक आत दाबलेलं, थेट दोन डोळ्यांच्या रेषेत. फोटोत गोंडस दिसतं. पण नाकपुड्या अरुंद, श्वास घेताना घरघर, आणि डोळ्यांतलं पाणी नाकात उतरायची वाट वाकडी झालेली. त्यामुळे डोळे सतत गळतात आणि गालावर तपकिरी ओघळ येतात. रोज कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसत बसायचं. डॉल फेसला निदान नाक असतं! पूर्वीची पर्शियन तशीच असायची. इतकं चपटं तोंड हा गेल्या शतकातल्या शौकिनांचा हट्ट.

भाची: पण मूळची ती इराणचीच ना?

मावशी: समजूत तशी आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशानं १६२० मध्ये इराणातल्या लांब, रेशमी केसांच्या करड्या मांजरांबद्दल लिहिलं. हा गृहस्थ पुढे १६२३ मध्ये गोव्यालाही आला होता. पण २००८ मध्ये मांजरांच्या जाती जनुकांवरून ताडून पाहिल्या, तेव्हा आजची पर्शियन पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळची निघाली. नाव इराणचं राहिलं, एवढंच.

भाची: आणि केस? महिन्यातून एकदा ग्रूमिंगला नेलं की झालं?

मावशी: तिथंच सगळे फसतात. आपलं गावठी मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं. पर्शियनचा केस इतका लांब आणि आतली लव इतकी दाट, की त्याची जीभ पुरी पडत नाही. माणसानं हौसेनं केस वाढवले, तर विंचरायचं कामही माणसाचंच. रोज पंधरा मिनिटं स्टीलचा कंगवा: आधी विरळ दातांचा, मग बारीक. पाठ सगळेच विंचरतात. गुंता होतो तो काखेत, कानामागे, पोटावर आणि शेपटीखाली. तिथं एकदा गाठ बसली की ती कातडी ओढते, आणि मांजर हात लावू देत नाही.

भाची: मग कात्रीनं कापून टाकायची.

मावशी: कात्री हातात घेऊ नकोस. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर वर येते. कातडीच कापली गेलेली मांजरं मी टाके घालून घरी पाठवली आहेत. गाठ बोटांनी सोडवायची, नाही सुटली तर डॉक्टरकडे मशीननं काढायची. आणि गाठी असताना आंघोळ घालू नये, पाण्यानं त्या आणखी घट्ट बसतात.

भाची: पावसाळ्यात काय करायचं?

मावशी: आंघोळ घातलीस तर मुळापर्यंत कोरडं कर. गजकर्णाची बुरशी या जातीला लवकर धरते, आणि ती घरातल्या मुलांनाही लागते. केस गळून गोल चट्टा दिसला की लगेच दाखवायचं. उन्हाळ्यात पुण्याचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा दुपारी पडदे ओढ आणि त्याला गार फरशीवर लोळू दे. नुसत्या पंख्यावर विसंबू नकोस. मांजराला घाम येतो तो फक्त पंजांना. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठ.

भाची: खायला दूध-पोळी, दही-भात चालेल ना? आईला घरात अंडंसुद्धा चालत नाही.

मावशी: मग ससा पाळा! मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचं एक द्रव्य कुत्रं शरीरात पुरेसं तयार करतं, मांजर करू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळतं. नाही मिळालं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून अशक्त होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये कळला, त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. आईला तुमच्या स्वयंपाकघरात मांस शिजवायचं नसेल तर तयार खाद्य आण, पण ते मांसाचंच असतं हे तिला आधी सांग. आणखी एक. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, एका गोळीनं ते दगावू शकतं. भेट आलेल्या गुच्छात लिली असेल तर ती घराबाहेर ठेव. तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात.

भाची: बाप रे. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे.

मावशी: ती कबुतरांसाठीच ठीक. नायलॉन मांजर नखांनी फाडतं. खिडक्यांना तारेची जाळी बसव.

भाची: सोसायटी हरकत घेईल का?

मावशी: २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेवर मांजरं निघाली, तेव्हापासून लोक जरा बिचकतात. तुझं एकच असेल. नसबंदी करून घे, रेबीजची लस टोच आणि महापालिकेत नोंद कर. कुत्र्यांसारखी मांजरांचीही नोंदणी करायला महापालिकेनं २०२२ मध्ये सांगितलंय.

भाची: विकणाऱ्याला काय विचारू?

मावशी: पिल्लाच्या आईबापांची पीकेडीची तपासणी झालीय का ते. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. पर्शियनमध्ये तो पिढीजात चालत येतो. आईबापांपैकी एकाला असला तरी पिल्लाला यायची शक्यता निम्मी. गालाच्या आतून काडी फिरवून जनुकीय तपासणी होते. त्यानं टाळाटाळ केली तर निघून ये.

भाची: आणि तिथून निघून आले तर?

मावशी: प्राणिमित्रांकडे चौकशी कर. केसांना कंटाळून सोडून दिलेली मोठी पर्शियन त्यांच्याकडे येतात. बघायला जाशील तेव्हा कंगवा बरोबर ने, आणि काखेत फिरवून बघ.