उसळ सोडू नकोस

चि. निखिल,

पोट फुगतं म्हणून मेसमधली उसळ बंद केल्याचं कळलं. उसळ सोडू नकोस. तिचा दोष थोडा आहे, आणि तोही बराचसा काढता येतो.

पोटात वायू दोन वाटांनी येतो. घाईघाईने जेवणारा, च्युइंग गम चघळणारा, सोडा पिणारा माणूस हवा गिळत असतो. तिच्यातली बरीचशी ढेकर होऊन बाहेर पडते. दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात आणि त्या फोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. त्या न पचता पुढे जातात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. धडधाकट माणसालाही दिवसातून 10 ते 20 वेळा वारा सरतो. तो आजार नव्हे.

आजीच्या रीतीला इथे भक्कम आधार आहे. हरभरा, राजमा, वाल रात्रभर भिजवले की या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरतो. म्हणून ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात मऊ शिजवायचं. मोड आणले की त्या आणखी घटतात, कारण कोंब फुटताना बी त्याच शर्करा वापरतं. मोड आलेल्या मुगापासून सुरुवात कर, वाटीभर नको, दोन-तीन चमचे. पोट सरावलं की वाढव. हिंग-ओव्याची फोडणी अनेकांना मानवते, जरूर घालावी. पण अर्धवट भिजलेल्या राजम्याची भरपाई तिच्याने होत नाही.

दुधाकडेही बघ. मोठेपणी लॅक्टोज पचवण्याची ताकद अनेकांची कमी होते. अशांना दूध सोसत नाही, पण दही-ताक बहुधा चालतं, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. कांदा, लसूण, गहू आणि शुगर-फ्री गोळ्यांतलं सॉर्बिटॉल हेही काहींना बाधतं. मात्र सगळं एकदम बंद करायचं नाही. एका वेळी एकच पदार्थ थोडे दिवस थांबवायचा आणि काय खाल्लं, केव्हा फुगलं, ते वहीत लिहायचं. नाहीतर खरा कारणीभूत कोण, ते कळतच नाही.

जेवून लगेच आडवं होऊ नकोस. शतपावलीने वायू पुढे सरकतो.

वजन उतरणं, शौचातून रक्त, सततच्या उलट्या, झोपमोड करणारं दुखणं, यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठायचा.

आणि बाबांना फोनवर एवढं नक्की सांग. या वयात छातीत दडपण, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ आली तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पीत बसायचं नाही. ताबडतोब 108 ला फोन करायचा. गॅस की हृदय, ते ईसीजी बघून डॉक्टर ठरवतील.

तुझी,
मावशी