कमरेचं हाड आणि रोबो

प्रश्न : माझा मेहुणा ऊसतोडीला गेला होता. ट्रॉलीखाली सापडून कमरेचं हाड मोडलं. अंबाजोगाईत दाखल आहे. पाहुणे म्हणतात, रोबोचं ऑपरेशन करा. काय करावं? – एक वाचक, ता. केज

उत्तर : जाहिरातींत दिसणारे रोबो बहुतेक गुडघा बदलण्यासाठीचे असतात. कमरेच्या, म्हणजे ओटीपोटाच्या मोडलेल्या हाडांसाठीचे वेगळे. बीजिंगच्या जिशुइतान रुग्णालयात असं तंत्र वापरात आहे. सीटी स्कॅनवरून हाड जोडणाऱ्या स्क्रूची वाट आखली जाते, यंत्राचा हात ती दिशा धरून ठेवतो, स्क्रू मात्र सर्जनच बसवतो. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत पायाकडे जाणाऱ्या नसा अगदी शेजारून जातात, तिथे ही अचूकता मोलाची. पण अनुभवी सर्जन सी-आर्मच्या एक्स-रेखाली हेच स्क्रू रोज बसवतात.

म्हणून रोबोच्या शोधात दिवस घालवू नका. रक्तदाब स्थिर झाला की साधारण दोन आठवड्यांच्या आत हाडं बसवलेली बरी. तीन आठवड्यांनंतर ती चुकीच्या जागी जुळू लागतात. डॉक्टरांना विचारा : मूत्रमार्गाला इजा आहे का? असं ऑपरेशन इथे होतं का, की पुढे पाठवणार? महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं रुग्णालय कोणतं?

मेहुण्याच्या टोळीला एक आवर्जून सांगा. असा अपघात झाला, तर जखमीला बसवू नका, कुशीवर वळवू नका. घडी घातलेली चादर कमरेला नव्हे, तर मांड्यांच्या वर, बाहेरून हाताला लागणाऱ्या हाडांवरून घट्ट बांधा आणि १०८ला फोन करा. आतला रक्तस्राव आवरायला त्याने मदत होते. जीव जातो तो बहुतेकदा याच रक्तस्रावाने.