साहेबांनी शेवटी बोलावं

पुणे

चि. मुग्धास,


तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तुमच्या औषध कारखान्यातल्या, निवृत्तीला चार महिने उरलेल्या ऑपरेटरने रात्रपाळीत तापमानाच्या नोंदी वेळच्या वेळी केल्या नाहीत, सकाळी रजिस्टर अंदाजाने भरलं. रेकॉर्डरवरच्या आलेखात तापमान ठीक निघालं. आता वर कळवावं की समज देऊन सोडावं, असं विचारतेस.

आधी दोन प्रश्न वेगळे कर. नोंद खोटी आहे, ती बॅचच्या कागदांत तशी दाखवावीच लागेल. त्यावर बैठक नको. नियमाने सुटलेली गोष्ट चर्चेला घेतली की पळवाट शोधणं सुरू होतं. त्या माणसाचं काय करायचं आणि पाळी अशी का चालते, हा मात्र खरा पेच आहे. तो एकटीने सोडवू नकोस. माणसं बोलाव, पण नेहमीसारखी बैठक नको.

आमच्या कंपनीत एकदा गोळ्यांच्या बॅचचे निकाल अगदी काठावर आले होते. साहेब खुर्चीत बसता बसता म्हणाले, "माल उद्या निघतोय. कोणाला काही शंका?" आम्ही अकरा जण होतो. माझा प्रश्न वहीत लिहिलेला होता, तो वहीतच राहिला. पुढे काही विपरीत घडलं नाही, हे माझं नशीब. त्यात माझं कर्तृत्व नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला भित्री म्हणत होते. मग चॅलेंजर यानाची हकिगत वाचली. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाचे बूस्टर बनवणाऱ्या थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांनी नासाला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की थंडीत रबरी कड्यांचा भरवसा नाही, सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको. नासाकडून नाराजी आली. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. शेवटी निर्णय चार व्यवस्थापकांनी घेतला, इंजिनिअरांचं मत मोजलंच नाही. फोन पुन्हा जोडल्यावर 'कोणाचं वेगळं मत आहे का' असं विचारलं गेलं, तेव्हा सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. ती माणसं भित्री नव्हती. तासाभरापूर्वी तीच तर भांडत होती. पण 'उड्डाण सुरक्षित आहे हे दाखवा' याऐवजी 'धोका आहे हे सिद्ध करा' असा प्रश्नच उलटला होता. अशा वेळी एकट्याच्या धैर्यावर विसंबून भागत नाही, बैठकच वेगळी बांधावी लागते.

नेदरलँड्सच्या रुग्णालयांत डॉक्टर-नर्स अशा पेचांसाठी ठरलेल्या पायऱ्यांनी बसतात. त्यातलं तुला उपयोगी पडेल ते सांगते. ज्याच्यावर प्रसंग आला त्याने तो सांगायचा. मग पेच एका वाक्यात मांडायचा: हे केलं तर काय गमावतो, ते केलं तर काय. त्यानंतर बाकीच्यांनी फक्त माहितीचे प्रश्न विचारायचे, सल्ला नाही. मग प्रत्येक संबंधिताला काय मोलाचं वाटतं ते फळ्यावर लिहायचं: ऑपरेटर, त्याचा पाळीतला जोडीदार, तू, आणि ते औषध घेणारा पेशंटसुद्धा. शेवटी प्रत्येकाने आपलं मत आधी कागदावर लिहायचं आणि मगच बोलायचं. चर्चा चालवणाऱ्याने आपलं मत लादायचं नाही.

माझी भर एवढीच: सर्वांत धाकट्याने आधी बोलावं, तू शेवटी. आणि रात्रपाळीच्या कोणाला तरी आवर्जून बसव. 'माहितीच्या प्रश्नांत' कदाचित कळेल की एक माणूस रात्रभर किती मशीन सांभाळतो, रजिस्टर कुठल्या टेबलावर असतं. मग दोष एकट्या म्हाताऱ्याचा राहणार नाही आणि पूर्ण माफही होणार नाही.

एक लक्षात ठेव. चर्चा सगळ्यांची असली तरी निर्णयाखाली सही तुझीच असेल. 'सर्वांनी मिळून ठरवलं' म्हणून अंग काढू नकोस. काय ठरलं, का ठरलं आणि कोणाचा विरोध होता, तेही लिहून ठेव. माझ्या त्या बैठकीच्या इतिवृत्तात 'शंका नाही' एवढंच आहे.

बैठक झाली की कळव.

तुझी,
आत्या