कार्यानुभवाची जागा : विद्यार्थ्याचा शोध, गावाची जबाबदारी

शिक्षण आणि श्रम यांची सांगड घालण्याचा विचार नवा नाही. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये वर्गातील अध्ययन व कारखान्यातील काम आलटून-पालटून देण्याची पद्धत सुरू केली. महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने गरीब विद्यार्थ्याच्या श्रमाला प्रतिष्ठा दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अशा कामास पदवी अभ्यासक्रमात श्रेयांक मिळू लागले आहेत. चार श्रेयांकांसाठी १२० तासांचे काम अपेक्षित असते.

ही जागा पुष्कळदा विद्यार्थ्यालाच शोधावी लागते. ज्याच्या घरी ओळखी आहेत, त्याला ती सहज मिळते. वाडीवस्तीवरून येणाऱ्या, घरातील पहिल्याच पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी कोणाचे दार ठोठवावे? ओळख हीच पात्रता ठरली, तर काम न करता मिळालेली प्रमाणपत्रे तेवढी वाढतील.

जवळच्या संधी

पनवेल तालुक्यातील कर्नाळा परिसराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. येथील पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये घोषित झाले. वनविभागाच्या परवानगीने जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास तेथे पक्ष्यांच्या व वनस्पतींच्या नोंदी करता येतील. जवळच्या तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरचे ग्रामोद्योगाचे कार्य आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला उत्पादनखर्च व विक्री यांचा हिशेब अशाच ठिकाणी उमगतो. कला शाखेच्या विद्यार्थिनीला ग्रामपंचायतीसाठी पाणीवापराची पाहणी करता येईल.

अर्जाची रीत

प्रथम विभागप्रमुखांची पूर्वसंमती घ्यावी. अन्यथा केलेले तास ग्राह्य न धरले जाण्याचा संभव असतो. नंतर, निदान दोन महिने आधी, महाविद्यालयाच्या पत्रासह एक पानी अर्ज द्यावा. ‘कोणतेही काम चालेल’ असे लिहिण्याऐवजी आपण काय शिकलो, कोणते काम करू शकतो आणि किती तास देऊ शकतो, हे स्पष्ट करावे. कामाचे स्वरूप, मार्गदर्शकाचे नाव, वेळ, सुरक्षितता व प्रवासखर्च या बाबी आरंभीच लेखी ठरवाव्यात. रोजची नोंदवही ठेवून तीवर दर आठवड्यास मार्गदर्शकाची सही घ्यावी.

कार्यालयांचे कर्तव्य

२०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नव्हती. विद्यार्थ्यांचा विचार म्हणूनच वेगळा करावा लागतो. ग्रामपंचायतीने विद्यार्थ्यांना देता येण्याजोग्या कामांची यादी फलकावर लावावी, अर्जास वेळेत उत्तर द्यावे आणि एका जाणत्या कर्मचाऱ्यावर मार्गदर्शनाची जबाबदारी सोपवावी. विद्यार्थी म्हणजे फुकटचा शिपाई नव्हे. प्रतिलिपी काढण्यात व चहा आणण्यात त्याचे तास गेले, तर ना त्याचे शिक्षण होते, ना गावाचे काम.

शिक्षकांनीही केवळ सहीपुरते न उरता एकदा तरी कामाच्या जागी जाऊन पाहावे. गावातील दार ओळखीवाचून उघडले, तरच या शिक्षणाचा लाभ गरजूंपर्यंत पोहोचेल.