सहा महिन्यांत मॅनेजर?

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला. हॉटेल लाइनलाच जायचं म्हणतो. शहरातली एक संस्था सहा महिन्यांत ‘हॉटेल मॅनेजमेंट’चं सर्टिफिकेट देते. तेवढ्यात तो मॅनेजर कसा होणार? आणि आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, त्यांना याचा काही उपयोग? – एक वाचक, मालवण

उत्तर : मॅनेजर होणार नाही. ‘मॅनेजमेंट’ हा शब्द माहितीपत्रकात फी वाढवण्यासाठी असतो. हॉटेलची मुख्य खाती चार : फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस. सर्टिफिकेट कोर्समध्ये बहुधा त्यातलं एकच शिकवतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषदेचाच दाखला घ्या. दहावीनंतरचा तिचा सर्व्हिसचा सर्टिफिकेट कोर्स 24 आठवड्यांचा आहे. स्वयंपाक आणि बेकरीच्या कोर्सला मात्र दीड वर्ष लागतं. सुरी, आच आणि पीठ यांवर हात बसायला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

मग सर्व्हिसवाले सहा महिने करतात काय? नॅपकिनची कमळं फोटोपुरती. खरा अभ्यास केओटीचा, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीचा. तिच्या सहसा तीन प्रती निघतात : एक किचनला, एक कॅशियरला, एक वेटरकडे. चिठ्ठीशिवाय किचनमधून पदार्थ हलत नाही आणि रात्री तिन्ही प्रती जुळवल्या की न लावलेलं बिल तिथल्या तिथे सापडतं. आता बऱ्याच ठिकाणी हे मशीनवर चालतं, हिशेब तोच. शिवाय एका पाहुण्याच्या मांडणीला टेबलावर साधारण 24 इंच बाय 18 इंच जागा लागते, उष्टी ताटली उजवीकडून उचलायची, असल्या बारीकसारीक गोष्टी अंगवळणी पाडून घ्यायच्या. एवढं येणाऱ्या मुलाला ट्रेनी किंवा स्टुअर्ड म्हणून घेतात. दिवसभर उभं राहणं आलं. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास अशी ब्रेक शिफ्टही आली. ते त्याला आधीच सांगून ठेवा.

पुढे सुपरवायझर, मॅनेजर व्हायचं तर बारावी करून पदवी घेतलेली बरी. मुंबईत दादरची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था 1954 पासून चालू आहे, गोव्यात पर्वरीलाही तशी एक आहे. त्यासाठी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा असते. खर्च झेपत नसेल तर आयटीआयमधले एक वर्षाचे ट्रेडही पाहा.

सहा महिन्यांवाल्या ‘त्या’ संस्थेला मात्र तीन गोष्टी विचारा : सर्टिफिकेटवर शिक्का कोणाचा, प्रत्यक्ष हॉटेलात ट्रेनिंग किती आठवडे आणि त्या हॉटेलचं नाव काय. नाव लेखी देत नसतील तर फी भरू नका.

राहिल्या घरच्या दोन खोल्या. त्यांना सर्व्हिसपेक्षा हाउसकीपिंग उपयोगी. तिथला पहिलाच धडा चादरींचा : प्रत्येक पलंगामागे किमान तीन संच, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. हा नियम मालवणचा पाऊस बघून केलेला नाही. आषाढात चादर तीन-तीन दिवस वाळत नाही. तुम्ही पाच ठेवा.