पोझिंग : दोन वर्षांची मेहनत आणि दोन मिनिटं

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

गेल्या वर्षी मी एका शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलो होतो. दोन वर्षं पहाटे पाचला उठून जिम, मेसमध्ये जादा अंडी, आणि त्यासाठी ‘पुस्तकं घ्यायचीत’ म्हणून घरून मागवलेले पैसे. निकाल? पहिल्या पाचातसुद्धा नाही! ज्याचे दंड माझ्यापेक्षा बारीक होते तो दुसरा आला. मी पंचांवर जाम भडकलो. मग रूम पार्टनरने काढलेला व्हिडिओ पाहिला आणि गप्प झालो. पोट पुढे, मांड्या ढिल्या, चेहरा व्हायव्हाला बसल्यासारखा.

स्टेजवर कोणी वजन उचलायला सांगत नाही. पंचांना जे दिसतं त्यालाच मार्क. सुरुवातीला क्वार्टर टर्न, म्हणजे समोरून, बाजूने, पाठीमागून नुसतं उभं राहायचं. याला ‘रिलॅक्स्ड’ म्हणतात, पण त्यात रिलॅक्स काहीच नसतं! मग सक्तीच्या पोझेस : फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि अॅब्डॉमिनल अँड थाय.

आपण सगळे आरशासमोर पहिली पोझ मारतोच. हात वर, दंड फुगवला, झालं. इथेच चुकतं. पोझ पायापासून बांधायची असते, बिल्डिंगसारखी. आधी पावलं रोवा, मग पोटऱ्या आणि मांड्या आवळा, पोट आत घ्या, पाठीचे पंख उघडा, आणि सगळ्यात शेवटी हात. कोपर खांद्याच्या किंचित वर हवं. खाली पडलं की माणूस थकलेला दिसतो. बॅक डबल बायसेप्समध्ये एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवायचा, म्हणजे पोटरी दिसते, आणि वरचं अंग थोडं मागे, पंचांकडे झुकवायचं. कारण दिवे वर असतात. सरळ उभं राहिलं तर पाठीवरच्या खाचांत हवी तशी सावली पडत नाही, आणि सावली नाही तर कट्स नाहीत.

पोझ म्हणजे आयसोमेट्रिक आकुंचन : स्नायूची लांबी बदलत नाही, पण ताण पूर्ण. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून वीस सेकंदांतच पाय लटपटायला लागतात. त्यात नवखे श्वास कोंडतात, मग ब्लड प्रेशर चढतं आणि चेहरा टोमॅटो. श्वास छोटा छोटा चालू ठेवायचा. आणि हसायचं. (हे सगळ्यात अवघड.)

हे खूळ आजचं नाही. १९०१ मध्ये युजीन सँडोने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्पर्धा भरवली, तेव्हा त्याच्या जोडीला पंच म्हणून एक शिल्पकार आणि शेरलॉक होम्सवाले आर्थर कॉनन डॉइल बसले होते! शिल्पकार का, हे मला व्हिडिओ पाहिल्यावर कळलं. अरनॉल्डने तर पोझिंगसाठी बॅलेच्या क्लासमध्ये धडे घेतले. ‘पंपिंग आयर्न’ या १९७७ च्या फिल्ममध्ये ते दिसतं. आणि फ्रँक झेन! नव्वद किलोच्या आतला माणूस, तरी १९७७, ७८, ७९ असा सलग तीनदा मिस्टर ऑलिम्पिया. पोट पार आत ओढून घेतलेली त्याची व्हॅक्यूम पोझ एकदा बघाच.

एक गोष्ट मात्र करू नका. कट्स दिसावेत म्हणून मी आदल्या दिवसापासून पाणी बंद केलं होतं. साइड चेस्टला पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा नावाजलेला बॉडीबिल्डर स्पर्धा जिंकून काही तासांत गेला. शरीरातलं पाणी काढायची औषधं त्याला भोवली. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

सध्या रोज रात्री मेसनंतर हॉस्टेलच्या गच्चीवर प्रॅक्टिस चालते, आरशाशिवाय, कारण स्टेजवर आरसा नसतो. रूम पार्टनर घड्याळ लावतो आणि ‘पोट!’ म्हणून ओरडतो. परवा रेक्टर सर वर आले, मला चड्डीवर बघून काही न बोलता खाली गेले. असो. पुढच्या महिन्यात पुन्हा उतरतोय. पप्पांना या वेळी पुस्तकांचं खरं काय ते सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, स्पर्धा किती वाजता आहे?