अंककोडे सोडविताना
जपानमधील गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ साली सुडोकूच्या धर्तीचे केनकेन हे कोडे रचले. सोळा घरांच्या चौकटीत प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत १ ते ४ हे अंक एकेकदाच यावयाचे. शिवाय जाड रेषेने वेढलेल्या घरांतील अंकांची बेरीज तेथे दिलेल्या संख्येइतकी भरावयाची. (वजाबाकी, गुणाकार व भागाकारही असतात, आरंभी बेरीजच पुरे.)

काटकोनात जोडलेल्या तीन घरांची बेरीज ४ दिली असता मुले अडतात. १, २, ३ मिळून ६ होतात, तेव्हा कोडेच चुकले, असे ती म्हणतात. शिक्षकाने येथे उत्तर सांगू नये. तोच अंक पुन्हा कोठे चालत नाही, एवढेच विचारावे. टोकांची दोन घरे एका ओळीत नाहीत, हे ध्यानी येताच मूल त्यांत १, १ व कोनाच्या घरात २ मांडते.